किनाऱ्यावरची पक्षी-सहल तिथी बघून काढा

हिवाळ्यात कोकणातल्या पुळणींवर आणि जेट्ट्यांवर पक्षी दाखवायला सहली काढणाऱ्या मुंबई-पुण्याच्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर लागला की तुमच्या सहलींच्या जाहिराती फिरायला लागतात. ‘शनिवार, सकाळी साडेसहा, अक्षी किनारा, चहा-नाश्त्यासह.’ गाडी कुठून सुटणार, फी किती, टोपी आणायची की नाही, सगळं त्यात असतं. भरती किती वाजता, एवढंच नसतं. हे पत्र त्या राहून गेलेल्या एका ओळीबद्दल आहे.

तळ्यावर किंवा माळरानावर सकाळी लवकर जाणं शहाणपणाचं असतं. समुद्रावर तो नियम चालत नाही. किनारी पक्ष्यांचा दिवस सूर्यावर ठरत नाही, पाण्यावर ठरतो. ओहोटीला वाळू-चिखल उघडा पडला की खायचं, मग ती रात्रीची दोनची वेळ का असेना. भरतीला पाय टेकायला जागा उरली नाही की सगळ्यांनी एका कोरड्या पट्ट्यावर गोळा व्हायचं, एका पायावर उभं राहून चोच पाठीत खुपसायची आणि पाणी उतरायची वाट बघायची. हे चक्र साधारण साडेबारा तासांचं. म्हणून एकाच किनाऱ्यावर एका शनिवारी साडेसहाला हजार पक्षी समोर असतात आणि पुढच्या शनिवारी त्याच वेळी अर्धा किलोमीटर लांब पाण्याच्या कडेला नुसते ठिपके दिसतात. पक्षी तेवढेच असतात. बदलली असते ती तिथी.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब तुम्हाला ठाऊक असेलच, नसला तर आज पाठ करा: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. पहाटे तीन आणि दुपारी तीन या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा आणि सहा. द्वादशीला नऊ आणि नऊ. पौर्णिमा-अमावास्येला दोन्हीकडे पंधरा धरायचे, उत्तर सव्वाअकरा. प्रतिपदेला पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. शुद्ध पक्ष असो की वद्य, गणित तेच. भरतीपासून सहा तास आणि थोडी मिनिटं पुढे गेलं की पूर्ण ओहोटी. रोज वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. भिंतीवरच्या कालनिर्णयवर तिथी छापलेलीच असते, त्यामुळे तीन महिन्यांनंतरची सहलसुद्धा पाच मिनिटांत बसवता येते. क्षयतिथी किंवा वृद्धितिथी आली की उत्तर अर्ध्या-पाऊण तासाने चुकतं, म्हणून आदल्या दिवशी भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी ताडून घ्या. हा हिशेब मुंबई-अलिबागकडे बरा जुळतो. रत्नागिरी, मालवण, गोवा असं दक्षिणेला जावं तशी भरती आधी येते, आणि लांबलचक खाडीत आत शिरावं तशी उशिरा. तक्ता कुठल्या बंदराचा आहे ते वाचल्याशिवाय वापरू नका. मुंबईचा तक्ता घेऊन वेंगुर्ल्याला जाणारे लोक असतात.

वेळेइतकाच पाण्याचा जोरही महत्त्वाचा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमी-नवमीच्या आसपास भांग. उधाणाला पाणी लांबवर हटतं आणि तितकंच वर चढतं. मुंबई-अलिबागला हा फरक साडेचार मीटरच्या घरात जातो, मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास राहतो. भांगाला पाणी धड ओसरत नाही आणि धड चढतही नाही, त्यामुळे पक्षी विखुरलेले राहतात. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पावसाळ्यात दुपारचं उधाण मोठं असतं, थंडीत मध्यरात्रीचं. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत रात्रीच्या पाण्याने वर आणून टाकलेली काटक्या, शिंपले आणि प्लास्टिकची रेघ दिवसाच्या भरतीत कोरडीच राहते. त्या रेघेच्या आणि पाण्याच्या मधला पट्टा हीच पक्ष्यांची दुपारची झोपायची जागा. नेमक्या त्याच पट्ट्यावरून तुमची माणसं चालतात, कारण तिथली वाळू घट्ट असते.

आता उजेड. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य पाठीशी, सुरूच्या बागेच्या वरून येतो आणि पक्ष्यांवर सरळ पडतो. दुपारनंतर तोच सूर्य समोर येतो आणि चिखल्या (प्लोव्हर) काय, टिलवा काय, सगळ्यांच्या काळ्या सावल्या होतात. साडेदहा-अकरानंतर वाळू तापते, हवा थरथरायला लागते आणि साठपट मोठं करून दाखवणारी स्पॉटिंग स्कोपसुद्धा कुचकामी ठरते. वाऱ्याचंही असंच आहे. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो आणि विसावलेला थवा वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो, म्हणजे तुमच्याकडे. छातीवरचा पट्टा, कपाळ, चोच, सगळं समोर. दुपारी खारा वारा सुटला की थवा वळतो आणि तुमच्या वाट्याला नुसत्या पाठी येतात.

हे सगळं एकत्र केलं की उत्तर आपोआप मिळतं. चढतं पाणी, सकाळचा उजेड आणि तापायच्या आधीची हवा हे तिन्ही जुळतात ते द्वादशी, त्रयोदशी आणि चतुर्दशीला. भरती नऊ ते साडेदहा. भरतीच्या दोन तास आधी किनाऱ्यावर पोचायचं आणि भरतीच्या अर्धा तास आधी आवरतं घ्यायचं. महिन्यात अशा दोन खेपा येतात. प्रत्येक खेप शनिवार-रविवारी सापडत नाही, पण हंगामभरात पाच-सहा तरी मिळतात. एकादशीलाही जमतं, फक्त पाण्याला अजून जोर आलेला नसतो. पौर्णिमेला सकाळी उठल्या-उठल्या पूर्ण ओहोटी असते. ज्यांना मैलभर चालायचा उत्साह आहे त्यांनी जावं.

अष्टमीचा शनिवारच वाट्याला आला, गाडी ठरलेली आहे, पैसे घेतलेले आहेत, तर काय करायचं? त्या दिवशी सहाला पूर्ण भरती असते. जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, म्हणजे तुमची बस येते तेव्हा पुळण चिंचोळी झालेली, धड उजाडलेलं नाही आणि सगळे पक्षी त्या चिंचोळ्या पट्टीवर झोपलेले. बसमधून उतरलेली पंचवीस माणसं सुरूच्या बागेतून थेट त्यांच्या अंगावर बाहेर पडतात. थवा उठतो, एक चक्कर मारतो, बसायला जागा नाही म्हणून दुसरी मारतो आणि रेवदंड्याच्या दिशेने निघून जातो. मग म्हणायचं, ‘यंदा पक्षी कमी आहेत.’ त्या दिवशी आधी जेट्टी करा. पुळणीवर साडेआठला या. तोवर पाणी अर्धं उतरलेलं असतं, थवा आपणहून खाली पांगलेला असतो आणि तुम्हाला वरच्या कोरड्या वाळूवर बसून दोन तास आरामात बघता येतं.

पुळणीवर पक्षी शोधायचे म्हणजे पट्टे शोधायचे. लाट जिथे फुटून पातळ होते त्या फेसाच्या कडेला सँडरलिंग. पांढुरका, काळ्या चोचीचा, लाट मागे गेली की तिच्या मागे धावत जायचं, दोन-चार टोचे मारायचे आणि पुढची लाट आली की चावी दिल्यासारखं परत पळायचं. त्याला मागचं बोट नसतं, आणि ओल्या वाळूवर त्याचा ठसा नीट बघितला तर ते दिसतंही: पुढे तीन रेघा, मागे काही नाही. त्याच्या वरच्या ओल्या, सपाट वाळूत चिखल्या. हे धावतात, थबकतात, मान ताठ करून बघतात, एकदाच टोचतात आणि पुन्हा धावतात. डोळ्यांनी शिकार करणारे. त्यांच्यातच मान खाली घालून शिवणयंत्रासारखी चोच चालवणारा दिसला की तो डनलिन किंवा कर्ल्यू सँडपायपर समजा. लांबून रंग दिसायच्या आधी चाल दिसते, म्हणून नवख्यांना आधी चाल शिकवा.

याच ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांच्या रांगोळ्या पडलेल्या असतात. इवले खेकडे वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाण्याजोगं काढून घेतात आणि उरलेल्याची गोळी करून बिळाबाहेर टाकतात. ओहोटी लागल्यापासून तासाभरात अख्खी पुळण या गोळ्यांनी भरते. चिखल्यांचा आणि टेरेक सँडपायपरचा हा चारा. टेरेकची चोच टोकाला किंचित वर वळलेली, पाय पिवळे-नारिंगी, आणि खेकड्यामागे धावताना तो इतका वाकतो की आता तोंडावर आपटेल असं वाटतं. कुठे थांबायचं ते गोळ्यांवरून ठरवा. जिथे गोळ्या दाट आणि अखंड आहेत तिथे पाणी उतरताना पक्षी येणार. जिथे जीप आणि चारचाकी बाइकच्या चाकांनी वाळू दाबून गुळगुळीत केली आहे तिथे गोळ्या नसतात, आणि पक्षीही नसतात.

वरच्या कोरड्या वाळूत केंटिश चिखल्या असतो आणि नव्वद टक्के लोक त्याला ओलांडून जातात. वारा चुकवायला तो माणसाच्या पावलाच्या खळग्यात किंवा चाकोरीत दबकून बसतो, पाठ अगदी वाळूच्या रंगाची. म्हणून कोरड्या वाळूत पाऊल टाकण्याआधी दुर्बिणीने समोरचे तीस-चाळीस मीटर खळगा-खळगा करून बघून घ्या. पुळणीवर गाडी उतरवू नका, हे सांगायचं एक कारण हेही: चाकोरीत बसलेला पक्षी गाडी अगदी जवळ येईपर्यंत उठत नाही.

सगळ्यात मोठी गर्दी मात्र सरळ पुळणीवर नसते, खाडीच्या मुखाशी असते. तिथे चिखल आणि वाळू दोन्ही मिळतात, आणि भरतीला टेकायला वाळूचा दांडा असतो. मोठा कोरल म्हणजे कर्ल्यू, त्याचा धाकटा भाऊ व्हिम्ब्रेल, बार-टेल्ड गॉडविट, ग्रे प्लोव्हर, कालवं फोडणारा काळा-पांढरा ऑइस्टरकॅचर, आणि नशीब असेल तर ग्रेट नॉट, हे तिथे शोधा. त्याच दांड्यावर कुरव (गल) आणि सुरय (टर्न) वेगळे गट करून बसतात. एक धोक्याची सूचना: ओहोटीला घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेली खाडी दोन तासांनी छातीएवढी होते. पलीकडे जायचं असेल तर परतीची वेळ निघण्याआधी ठरवा, आणि चिखलात गुडघ्यापर्यंत पाय जायला लागला तर फोटोचा नाद सोडा.

नावांबद्दल थोडं. चिखल्या, टिलवा, तुतारी, कोरल, कुरव, सुरय ही घराण्यांची नावं पक्की आहेत, ती वापराच. पण एकेका जातीचं मराठी नाव पुस्तकागणिक बदलतं, म्हणून यादीत आम्ही इंग्रजी नावंच ठेवतो.

दोन सँड प्लोव्हरमधला गोंधळ सहलीत हमखास होतो, तेव्हा तो नीट मिटवू. मोठ्याची म्हणजे ग्रेटरची चोच लांब आणि जड. चोचीची लांबी मनातल्या मनात तिच्या मुळापासून मागे मोजली तर ती डोळ्याच्या मागच्या कडेपलीकडे जाते. लहानाची डोळ्यापाशीच संपते, टोकाला बोथट. मोठ्याचे पाय लांब, फिकट, हिरवट-पिवळे, लहानाचे गडद. उडताना मोठ्याची बोटं शेपटीबाहेर येतात. एकट्या पक्ष्यावर हे ठरवू नका, दोन्ही शेजारी उभे राहीपर्यंत थांबा. पाय चिखलाने माखलेले असतील तर पायाच्या रंगावरून काहीच सांगू नका. आणि ज्याला आपण वर्षानुवर्षं ‘लेसर सँड प्लोव्हर’ म्हणत आलो त्याच्या आता तिबेटन आणि सायबेरियन अशा दोन जाती मानल्या जातात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येणारे प्रामुख्याने तिबेटन, तरी खात्री नसेल तिथे दोन्ही मिळून असलेली नोंद निवडावी.

बाकीच्या जोड्या उडतानाच सुटतात. ग्रे प्लोव्हरच्या काखेत काळा डाग, दुसऱ्या कुठल्याही चिखल्याला तो नाही. कर्ल्यू सँडपायपरचं कुल्ल्यावरचं पांढरं एकसंध, डनलिनच्या मधोमध काळी रेघ. बार-टेल्ड गॉडविटच्या पंखावर पांढरा पट्टा नसतो, ब्लॅक-टेल्डच्या तो ठसठशीत असतो. पण म्हणून पक्षी उडवायचे नाहीत. पाणी चढताना ते दर दहा मिनिटांनी आपणहून जागा बदलतात, तेवढ्यात सगळं दिसतं.

आता जेट्टी. जेट्टीवरचे पक्षी बघण्याची तऱ्हा पूर्ण वेगळी, आणि तुमच्यापैकी फार थोडे ती नीट करतात. लाटा अडवायला टाकलेले दगड आणि टेट्रापॉड, म्हणजे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, हे भरतीच्या वेळी खडकाळ किनाऱ्याचं काम करतात. खालचे कातळ बुडाले की रडी टर्नस्टोन, तुतारी, व्हिम्ब्रेल आणि खडकावरचा करडा समुद्रबगळा दगडांच्या वरच्या रांगेत येतात. म्हणून जेट्टी भरतीला करायची. जेट्टीच्या टोकापर्यंत चालत जाऊन मागे वळून बघायचं, ही चूक. मुळाशी थांबा, एक दगड दुर्बिणीच्या वर्तुळात घ्या, तो पूर्ण बघून झाला की पुढचा. टर्नस्टोनची हिवाळ्यातली पाठ शेवाळलेल्या दगडाच्याच रंगाची. हलत नाही तोवर दिसत नाही. दोन गोष्टी त्याला पकडून देतात: नारिंगी आखूड पाय, आणि चोचीने कवच-कचरा उलटताना होणारा बारीक खडखड आवाज. मासे उतरवायच्या धक्क्यावर तो टोपल्यांच्या आसपासही फिरतो.

कुरवांसाठी वेळ भरतीची धरू नका, होड्यांची धरा. हर्णैला संध्याकाळी लिलाव असतो, त्या सुमारास आकाश भरून जातं. इतर बंदरांवर होड्या कधी लागतात ते तिथल्या कोळणीला विचारा, ती तक्त्यापेक्षा अचूक सांगेल. तपकिरी डोक्याचे कुरव बहुसंख्य, त्यांत काळ्या डोक्याचे, लांब चोचीचे स्लेंडर-बिल्ड, आणि मोठ्यांत ह्यूग्लिन व पलास. हिवाळ्यात ‘काळ्या’ आणि ‘तपकिरी’ डोक्याच्या कुरवांचं डोकं काळंही नसतं आणि तपकिरीही नसतं, डोळ्यामागे नुसता एक डाग असतो. मग पंखाचं टोक बघायचं: तपकिरीच्या काळ्या टोकात पांढरे आरसे, काळ्याच्या पुढच्या कडेला लांब पांढरी पाचर. सुरय होड्यांच्या काठीवर, नांगराच्या तरंगत्या पिंपांवर बसतात. लेसर क्रेस्टेडची चोच नारिंगी, ग्रेटर क्रेस्टेडची फिकट पिवळी आणि जड.

जेट्टी ही लोकांची कामाची जागा आहे. ताणलेल्या दोरावर किंवा दोराच्या वेढ्यात पाय ठेवू नका. होडी हलली की तो दोर पाय घेऊन जातो. टेट्रापॉडवर उतरू नका, शेवाळावर पाय सरकला की ठोकळ्यांच्या पायांमधल्या फटीत माणूस कमरेपर्यंत जातो आणि पुढची लाट थांबत नाही. प्रवासी जेट्टीवर लाँच लागायच्या वेळी ट्रायपॉड मिटवून बाजूला व्हा. मोठ्या बंदरांत आणि सुरक्षा पहारा असलेल्या ठिकाणी लांब लेन्स काढण्याआधी परवानगी विचारा, नंतर समजावत बसण्यापेक्षा ते सोपं. आणि मासेमारीचा तुटलेला तंगूस दिसला तर गुंडाळून खिशात टाका. पायाला तंगूस गुंडाळून एक बोट गमावलेले चिखल्या आणि कुरव दर हंगामात दिसतात.

थव्याजवळ जाण्याबद्दल आता स्पष्ट बोलतो, कारण आमची मुख्य तक्रार इथेच आहे. भरतीचे ते दोन-तीन तास पक्ष्यांच्या विश्रांतीचे असतात. खाल्लेलं पचवायचं, शक्ती राखायची. मार्च-एप्रिलमध्ये मध्य आशिया आणि सायबेरियाकडे निघण्याआधी त्यांना अंगावर चरबी साठवायची असते. काही जातींचं वजन तेवढ्या काळात दुपटीच्या जवळ जातं. प्रत्येक उठवणं म्हणजे त्या साठ्यातून काढलेलं. एका शनिवारी एकाच पुळणीवर तीन सहली आल्या आणि प्रत्येकीने दोनदा थवा उठवला, की झालं. आणि हे पक्षी काही अमाप नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत किनारी पक्ष्यांच्या बऱ्याच जाती वरच्या धोक्याच्या वर्गात गेल्या. ग्रे प्लोव्हर, कर्ल्यू सँडपायपर आणि ब्रॉड-बिल्ड सँडपायपर आता असुरक्षित गटात आहेत. डनलिन आणि टर्नस्टोन धोक्याच्या उंबरठ्यावर. ज्यांना तुम्ही ‘हे नेहमीचेच’ म्हणून पुढे जाता, त्यातलेच हे.

थवा उठायच्या आधी सांगतो. पहिली खूण, पाठीत खुपसलेल्या चोची बाहेर येतात आणि डोकी वर होतात. दुसरी, कडेचे पक्षी तुमच्यापासून दूर चालायला लागतात. तिसरी, कोणीतरी ओरडतो किंवा पंख अर्धे उचलून खाली घेतो. पहिल्या खुणेला थांबायचं, दुसरीला चार पावलं मागे येऊन बसायचं. तिसरी दिसली म्हणजे तुमचं चुकलेलं आहे. कोरल शंभर मीटरवर अस्वस्थ होतो, चिखल्या तीस-चाळीसवर. मिश्र थव्यात अंतर कोरलाचं धरायचं, कारण तो उठला की सगळे उठतात. चढत्या पाण्यात पक्ष्यांच्या आणि कोरड्या वाळूच्या मध्ये उभं राहू नका, त्यांची वाट तुम्ही अडवता. पाणी पोचायच्या आधीच कचऱ्याच्या रेघेच्या मागे, सुरूच्या सावलीत बसा, हालचाल बंद करा. पाणी त्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. रांगत पुढे जाणाऱ्याला जे अंतर मिळत नाही ते बसून राहणाऱ्याला फुकट मिळतं.

उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून वाळू फेकणारे, टाळ्या वाजवणारे, एखाद्याला मुद्दाम पलीकडून धावायला लावणारे लोक तुमच्या सहलीत असतात. त्यांना पुढच्या सहलीला घेऊ नका. ड्रोनही नको, खालच्या पक्ष्याला तो शिकाऱ्यासारखाच दिसतो. कुत्र्यांचं काय करायचं हे मात्र तुमच्याच हातात आहे. किनाऱ्यावरची कुत्री नाश्त्याच्या पिशवीमागे येतात, वड्याचा तुकडा मिळाला की तुमच्याबरोबर चालतात आणि थवा दिसला की मजा म्हणून धावत सुटतात. नाश्ता बसमध्ये उरका.

माणसं बारापर्यंत ठेवा, सहा-सहाच्या दोन तुकड्या, प्रत्येकीला एक स्कोप आणि एक जाणता. दोन्ही तुकड्या एकाच वेळी एका थव्यापाशी नकोत. ८×४२ ची दुर्बीण पुरते, स्कोप २०-६० ची. ट्रायपॉड लाटेत रोवला की दर लाटेला तो बोटभर खाली जातो आणि क्लॅम्पमध्ये वाळू शिरते. घरी गेल्यावर पाय पूर्ण बाहेर काढून गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, मगच मिटवा. भिंगावर खारं तुषार बसलं तर कोरड्या कापडाने घासू नका. मिठाचे कण भिंगावर ओरखडे काढतात. आधी गोडं पाणी, मग कापड.

मोजणी करत असाल तर दहा पक्षी मोजा, तेवढ्या दहाच्या गटाने थव्यावर किती जागा व्यापली ते नजरेत धरा आणि तसे गट पुढे सरकवत मोजा. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांचा आकडा मोजून होईपर्यंत विचारायचा नाही. नोंदीत तिथी, भरतीची वेळ आणि पाणी चढतं होतं की उतरतं हे लिहा, त्याशिवाय दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. जेट्टी आणि पुळण यांच्या याद्या वेगळ्या. थवा उठून पुन्हा बसला तर पहिलाच आकडा धरा. दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत असा आकडा उपयोगी पडतो. ‘भरपूर’ लिहिलेला नाही. पायात रंगीत झेंडी किंवा कडी दिसली तर झेंडीचा रंग, त्यावरची अक्षरं, कोणता पाय, आणि गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, एवढं टिपून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा. डावा-उजवा पाय पक्ष्याचा, तुमच्या समोरून दिसणारा नाही. अर्ध्या नोंदी इथेच चुकतात.

फोटो टाकताना झोपायच्या दांड्याचं नेमकं ठिकाण टाकू नका. गावाचं नाव पुरे.

यंदाच्या जाहिरातीत एवढं दिसलं तरी आमचं पत्र पोचलं: ‘शनिवार, त्रयोदशी. भरती पावणेदहा. अक्षी, सकाळी पावणेआठ ते सव्वानऊ, सुरूच्या कडेला बसून. बारा जण. नंतर जेट्टी. नाश्ता बसमध्ये.’

आपले,
कोकण किनाऱ्यावर दर हिवाळ्यात पक्षी मोजणारे काही जण